पायरियाला लेझर करावा का? आधी १६८ आकडे मागा

गेल्या वर्षी थंडीत पेरू खाताना फोडीवर लाल डाग दिसला. तोही मला नाही, बायकोला. बेसिनमधलं गुलाबी पाणी मी महिनाभर पाहत होतो आणि नळ जोरात सोडून विसरत होतो. तिने माझ्यासाठी त्याच संध्याकाळची अपॉइंटमेंट घेतली. डॉक्टरांनी आरसा फिरवला, दोन-तीन ठिकाणी टोचून पाहिलं आणि म्हणाले, "पायरिया आहे. लेझर करून टाकू. टाके नाहीत, रक्त नाही, एका सिटिंगमध्ये मोकळे." बाहेर रिसेप्शनवर लॅमिनेट केलेलं पॅकेज पुढे सरकलं. आजच आगाऊ भरले तर सवलत. माझा फोन बंद पडला होता म्हणून यूपीआय झालं नाही आणि पैसे खिशात राहिले. त्यात हुशारीचा काही भाग नव्हता.

पुढच्या काही महिन्यांत जे कळलं, ते ज्या क्रमाने करायला हवं होतं त्या क्रमाने लिहितो. मी दंतवैद्य नाही, कॉस्टिंगमध्ये आयुष्य गेलं. कुणी उपाय सांगितला की आधी आकडा विचारायची खोड आहे, ती इथे कामाला आली.

पायरी पहिली: आजार कुठल्या टप्प्यात आहे ते मोजून घ्या

आपण सगळ्यालाच पायरिया म्हणतो, पण आजार दोन आहेत. एकात फक्त हिरड्या सुजतात, ब्रश लावला की रक्त येतं, पण दाताला धरून ठेवणारं हाड शाबूत असतं. याला जिंजिव्हायटिस म्हणतात. दात साफ करून घेतले आणि घरी नीट घासले की तो पूर्ण बरा होतो. तुमचा आजार एवढाच असेल तर लेझरचा विषय तिथेच मिटतो. दुसरा पेरिओडॉन्टायटिस. त्यात हिरडी दातापासून सुटते, मध्ये खिसा तयार होतो (डॉक्टर पॉकेट म्हणतात) आणि खालचं हाड झिजत जातं. गेलेलं हाड आपोआप परत येत नाही. लेझरचा प्रश्न आला तर तो या दुसऱ्या आजारात येतो.

कुठला आजार आहे हे नुसतं बघून ठरत नाही, मोजावं लागतं. प्रोब नावाची बोथट टोकाची, मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई असते. ती दात आणि हिरडी यांच्या फटीत हलकेच घालून प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी खोली घेतात: बाहेरून तीन, आतून तीन. अक्कलदाढा सोडल्या तर २८ दात, म्हणजे १६८ आकडे. १ ते ३ मिमी ठीक. ४ पासून लक्ष द्यायचं. ६ आणि पुढे असेल तर प्रकरण खोल गेलंय.

माझं हे मोजमाप दुसऱ्या ठिकाणी, एका डेंटल कॉलेजच्या ओपीडीत झालं. एमडीएस (दंतवैद्यकातली वरची पदवी) करणारी मुलगी प्रोब धरून आकडे सांगत होती आणि तिची ज्युनियर कागदावर उतरवत होती. "तीन, दोन, तीन. तीन, तीन, चार, ब्लीडिंग. काका, जीभ जरा डावीकडे. पाच, चार, सहा, ब्लीडिंग." भाजीवाल्याकडे हिशेब चालावा तसा तो सूर होता, आणि प्रत्येक 'सहा'ला माझ्या पोटात कालवत होतं. रक्त आलेल्या जागी ज्युनियर लाल टिंब देत होती. वीस मिनिटांनी कागद हातात आला तेव्हा पहिल्यांदा कळलं की माझं तोंड सगळं बिघडलेलं नाही. पुढचे दात बरे होते, घोळ मागच्या दाढांत होता. आधीच्या क्लिनिकचं पॅकेज मात्र 'फुल माउथ'चं होतं.

चार्टसोबत एक्स-रे लागतो. संपूर्ण जबड्याचा ओपीजी अंदाजाला चालतो, पण हाड कुठे आणि कसं झिजलंय ते दाताजवळच्या छोट्या एक्स-रेत नीट दिसतं. सरळ आडवं उतरलंय की एका दाताच्या कडेला खड्डा पडलाय, हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरतो. चार्ट आणि एक्स-रे या दोन्हींची प्रत मागून घ्या, किमान फोटो काढा.

तंबाखूवाल्यांसाठी एक सावधगिरी. सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं, कारण निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. आत हाड झिजत असतं आणि माणूस म्हणतो, "माझ्या हिरड्या एकदम टकाटक." आमच्याकडे आजी मशेरी लावायची आणि दात मजबूत राहतात असं ठासून सांगायची. ते सांगताना तिच्या तोंडात खालचे चारच दात होते.

पायरी दुसरी: साखर, औषधं, तंबाखू सांगून टाका

२०१८ पासून जगभर जे वर्गीकरण वापरतात त्यात आजार किती झाला याची स्टेज १ ते ४ अशी असते आणि किती वेगाने वाढेल याची ग्रेड ए, बी, सी. दिवसाला १० किंवा जास्त सिगारेटी, किंवा मधुमेह्याचं एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी) ७ टक्के किंवा त्यावर असेल तर ग्रेड थेट सी होते. म्हणजे साखर मोकाट असताना कुठलंही मशीन फिरवलं तरी आजार मागून येतोच. उलटही खरं आहे. हिरड्यांचा नीट उपचार झाला की मधुमेह्यांचं एचबीए१सी तीन-चार महिन्यांत सरासरी ०.४ च्या आसपास उतरतं. गेल्या तीन महिन्यांतला रिपोर्ट नसेल तर आधी रक्त देऊन या.

औषधांची पिशवी घेऊनच जा. ब्लडप्रेशरची अ‍ॅम्लोडिपिन, फिटची फेनिटॉइन आणि किडनी बदललेल्यांना देतात ती सायक्लोस्पोरिन, यांनी काहींच्या हिरड्या फुगतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आपल्या मनाने बंद करायची नाही. ज्यांनी दिली त्या डॉक्टरांशी दंतवैद्यांना बोलू द्या.

पायरी तिसरी: लेझर म्हणजे नेमका कुठला?

'लेझर' हे एका यंत्राचं नाव नाही. 'गाडी' म्हटल्यावर स्कूटी की ट्रक हे जसं विचारावं लागतं, तसंच हे.

आपल्याकडच्या क्लिनिकमध्ये बहुधा दिसतो तो डायोड लेझर. टेबलावर मावेल एवढा डबा, त्यातून केसासारखी बारीक तार. त्याची तरंगलांबी साधारण ८१० ते ९८० नॅनोमीटर असते आणि ती रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये व गडद रंगद्रव्यात शोषली जाते. त्यामुळे मऊ हिरडी कापायला, रक्त थांबवायला तो झकास. पण दाताच्या मुळाला चिकटलेलं किटण तो काढू शकत नाही. अर्बियम-यॅग (२९४० नॅनोमीटर) पाण्यात शोषला जातो, म्हणून त्याने किटण आणि हाडाचंही काम करता येतं, पण ते यंत्र मोठं आणि महाग. तिसरा एनडी-यॅग, १०६४ नॅनोमीटरचा.

इंटरनेटवर 'लॅनॅप' या हिरड्यांच्या लेझर उपचाराबद्दल वाचून लोक हुरळतात, त्यातला लेझर हा तिसरा. अमेरिकेच्या एफडीएने त्या पद्धतीला २००४ मध्ये आणि दाताभोवतीचा आधार पुन्हा तयार होण्याच्या दाव्यासह २०१६ मध्ये मंजुरी दिली. पण ती ठरावीक यंत्राला आणि ठरावीक क्रमाने केलेल्या उपचाराला आहे. कोपऱ्यावरच्या क्लिनिकमधल्या डायोडला ती लागू होत नाही. "अमेरिकेत मान्यता आहे" असं कुणी म्हणालं तर शांतपणे विचारा, "याच यंत्राला का?"

पायरी चौथी: तज्ज्ञांच्या संस्था काय म्हणतात

युरोपियन फेडरेशन ऑफ पेरिओडॉन्टॉलॉजीने २०२० मध्ये स्टेज १ ते ३ साठी सविस्तर मार्गदर्शक सूचना काढल्या. हिरडीखालच्या सफाईला जोड म्हणून लेझर वापरू नये, असं त्यात सुचवलं आहे. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१५ मध्ये खोल सफाईलाच पाया मानलं. हिरडीत रंगद्रव्य सोडून त्यावर डायोडचा प्रकाश टाकतात, त्या पद्धतीला दुबळी शिफारस मिळाली आणि बाकी लेझर जोडायच्या विरोधात तज्ज्ञांनी मत दिलं. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेरिओडॉन्टॉलॉजीने २०१८ मध्ये सगळा पुरावा चाळला, तेव्हा खिसा उथळ होण्यात खोल सफाईवर लेझरने पडणारी भर १ मिमीहूनही कमी निघाली.

आता कॉस्टिंगवाल्याच्या नजरेने बघा. प्रोबने घेतलेल्या मापातच १ मिमी इकडेतिकडे होऊ शकतो. कुणी जरा जोरात दाबला, कुणी तिरपा धरला की आकडा बदलला. म्हणजे लेझरचे जास्तीचे पैसे मी ज्या फायद्यासाठी भरणार, तो मोजपट्टीच्या चुकीत हरवून जाण्याइतका लहान आहे. लेझर फसवा आहे असं माझं म्हणणं नाही. पण एवढ्याशा फायद्याला पहिल्याच दिवशी फुल माउथ पॅकेज घेणं हिशेबात बसत नाही.

पायरी पाचवी: आधी खोल सफाई, मग कॅलेंडरकडे बघत बसा

हे मधलं पाऊल बहुतेकांना गाळायचं असतं आणि सगळा निकाल यातच लागतो.

डीप क्लीनिंग, म्हणजे स्केलिंग आणि रूट प्लॅनिंग. माझ्या तोंडाचे दोन भाग करून दोन सिटिंग केली. भुलेचं इंजेक्शन, मग पाण्याचा फवारा मारत चिरचिरणारं अल्ट्रासॉनिक यंत्र, गालात सक्शनची नळी आणि शेवटी हाताने खरवडणं. दुखलं नाही, पण जबडा उघडा ठेवून कंटाळा येतो. मध्येच त्या मुलीने माझ्यासमोर गॉज धरला. त्यावर तिळापेक्षा जरा मोठा, काळपट हिरवा, दगडासारखा टणक तुकडा होता. "काका, हा आत होता, हिरडीच्या खाली. याच्यावर जंतू घर करतात." मी तो चिमटीत धरून पाहिला. बोटाने फुटला नाही. डायोडची तार याच्यावरून नुसती फिरून आली असती, हे तेव्हा डोक्यात शिरलं.

सफाईनंतर जीभ खालच्या दातांमागे गेली आणि तिथे फटी लागल्या. याच क्षणी लोक म्हणतात की साफ केल्याने दात हलायला लागले. फटी आधीच होत्या, किटणाने बुजल्या होत्या. सूज उतरली की हिरडी आकसते, मुळं उघडी पडतात, दात लांब दिसतात आणि गार पाण्याने झिणझिण्या येतात. मला दोन आठवडे माठातलं पाणीही सोसत नव्हतं. ते हळूहळू कमी होतं. लेझर केला असता तरी सुजलेली हिरडी आकसलीच असती.

क्लोरहेक्सिडिनचं ०.२ टक्क्यांचं माउथवॉश दिलं तर सांगितले तेवढेच दिवस वापरा, एरवी दातांवर तपकिरी डाग पडतात. टूथपेस्टनंतर लगेच घेऊ नका, अर्धा तास जाऊ द्या.

आणि घरचं काम. ब्रशचे केस हिरडीच्या कडेला तिरपे टेकवून हलके झटके द्यायचे, फरशी घासल्यासारखं करायचं नाही. दोन दातांमध्ये ब्रश पोहोचतच नाही, तिथे छोटा इंटरडेंटल ब्रश लागतो. त्याची साइज दातागणिक वेगळी निघते, म्हणून केमिस्टकडून अंदाजाने आणू नका, डॉक्टरांकडून लावून घ्या. माझ्या दाढांना एक आणि पुढच्या दातांना दुसरी अशा दोन लागल्या. पहिले आठ दिवस रोज रक्त आलं, नंतर थांबलं.

मग सहा आठवडे ते तीन महिने थांबायचं. हिरडी दाताला पुन्हा चिकटायला तेवढा वेळ लागतो. ४ ते ६ मिमीचे खिसे नुसत्या खोल सफाईने सरासरी १ मिमी आणि ७ च्या पुढचे २ मिमीच्या आसपास कमी होतात. मात्र खिशातून पू येतोय, चेहरा सुजलाय किंवा ताप आहे, तर हे वेळापत्रक बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

पायरी सहावी: पुन्हा मोजा, आणि आता विचारा

दुसऱ्या चार्टवर माझी बरीच लाल टिंबं गेली होती. तीन जागा ६ वर अडून बसल्या होत्या, तिन्ही उजवीकडच्या खालच्या दाढांना. लेझर हवा का हा प्रश्न विचारायची योग्य वेळ ही. कारण आता प्रश्न तीन जागांचा उरला होता, अख्ख्या तोंडाचा नाही.

उरलेले खिसे ४-५ मिमीचे असतील तर पुन्हा एकदा खालून सफाई करतात. ६ किंवा जास्त असेल तर हिरडी उघडून साफ करायची शस्त्रक्रिया, म्हणजे फ्लॅप. आणि एक्स-रेत दाताच्या कडेला ३ मिमी किंवा त्याहून खोल खड्डा दिसत असेल तर तिथे हाड भरून आणणारी शस्त्रक्रिया, असा युरोपियन सूचनांचा क्रम आहे. अशा खड्ड्यासाठी कुणी डायोड सुचवत असेल तर दुसरं मत घ्या.

लेझरकडे कल जावा अशा जागा आहेतच. फुगलेली हिरडी छाटायची आहे, ओठाचा ताणलेला पडदा सोडवायचा आहे, दाताची कडा उघडी करायची आहे, तर रक्त कमी आणि बहुधा टाके नाहीत, हा फायदा खरा आहे. माझ्या थोरल्या भावाच्या हिरड्या अ‍ॅम्लोडिपिनने फुगल्या होत्या. फिजिशियनने गोळी बदलली, सफाई झाली, तरी पुढची हिरडी उतरेना. कॉलेजातल्या ज्या डॉक्टर बाईंनी मला लेझर नको म्हणून सांगितलं होतं, त्यांनीच त्याला ती डायोडने छाटून दिली. दादा त्याच रात्री मऊ भात खाऊन झोपला.

डॉक्टरांना काय विचारायचं

नम्रपणे, पण कागद समोर ठेवून. "माझ्या कुठल्या दातांना, आणि तिथला आकडा किती आहे?" "डायोड, एनडी-यॅग की अर्बियम?" आणि सगळ्यात कामाचा: "सफाईऐवजी की सफाईनंतर?" डायोडसाठी "ऐवजी" असं उत्तर आलं तर उठा, कारण किटण जागच्या जागी राहणार आहे. "नंतर" आलं तर विचारा की सफाईनंतर पुन्हा मोजल्यावर ठरवलं तर चालेल का. चांगला डॉक्टर यावर चिडत नाही.

"हे कोण करणार?" हेही विचारा. हिरड्यांचे तज्ज्ञ म्हणजे बीडीएसनंतर पेरिओडॉन्टॉलॉजीत एमडीएस केलेले. लेझरचा दोन दिवसांचा कोर्स आणि ती पदवी यांत फरक आहे. लेझर ताकद देऊन एकाच जागी रेंगाळला तर मूळ आणि हाड तापतं, म्हणून हात कुणाचा आहे याला यंत्रापेक्षा जास्त किंमत द्या. आणि यंत्र चालू करण्याआधी खोलीतल्या सगळ्यांना, तुम्हालासुद्धा, त्या तरंगलांबीचा चष्मा मिळायला हवा. तुम्हाला "डोळे मिटा" एवढंच सांगितलं तर बाकीच्या काळजीचाही अंदाज येतो.

पुण्यात दुसरं मत

आपल्याकडे याची चैन आहे. धनकवडीचं भारती विद्यापीठ, वडगावचं सिंहगड, कॅम्पात आझम कॅम्पसमधलं रंगूनवाला, पिंपरीत संत तुकारामनगरला डी. वाय. पाटील अशी डेंटल कॉलेजं आहेत. पिंपरीचं तर मेट्रो स्टेशनपासून जवळ. कॉलेजात फी कमी असते, काम शिकणारे डॉक्टर करतात आणि वर प्राध्यापक तपासतात. वेळ मात्र जातो. अर्धा दिवस रजा टाका आणि पुस्तक न्या. जुना चार्ट, एक्स-रे, एचबीए१सीचा रिपोर्ट सोबत असेल तर पहिल्याच फेरीत बोलणं मुद्द्यावर येतं.

खर्चाचं थोडक्यात. बहुतेक मेडिक्लेम पॉलिसींत दातांचा ओपीडी खर्च अपघात सोडून धरत नाहीत. दर सांगताना कुणी दाताला सांगतं, कुणी क्वाड्रंटला (तोंडाचा पाव भाग), कुणी सगळ्याला मिळून. तुलना करायची तर सगळे क्वाड्रंटवर आणा आणि त्यात भूल, एक्स-रे, दोन महिन्यांनंतरचं मोजमाप धरलंय का ते लिहून घ्या. माझ्या पहिल्या पॅकेजमध्ये दुसऱ्यांदा मोजायचा उल्लेखच नव्हता. म्हणजे उपचार लागू पडला की नाही हे कुणाला कळणारच नव्हतं.

माझ्या तीन जागांपैकी दोन एकाच दाढेच्या कडेला होत्या आणि एक्स-रेत तिथे खड्डा होता. तेवढ्या भागाची फ्लॅप शस्त्रक्रिया झाली, हाडाची पूड भरली, टाके पडले, आठवडाभर डावीकडूनच जेवलो. तिसरी जागा पुन्हा सफाई करून ५ वर आली. आता दर तीन महिन्यांनी जातो. परवाच्या चार्टवर त्या दाढेला चार, तीन, चार लिहिलंय आणि बाजूला लाल टिंब नाही. ५ ची जागा अजून ५ च आहे. तिला पुढच्या वेळी काय करायचं ते पुढचा आकडा बघून ठरेल.